पांखरांचा यजमान : चार्लस वॉटर्टन

उन्हाळ्याची सुटी संपून शाळा उघडली त्या दिवशीं आमच्या वर्गांत, तुळई व भिंत यांच्या सांध्यांत, चिमण्यांच्या एका जोडप्यानें घरटें केलेलें आढळलें. खालचा बाक गवताच्या काड्यांनीं व कापसाच्या पुंजक्यांनीं भरून गेला होता. शिपायानें लांब बांबू आणला व घरटें पाडण्याची परवानगी मागितली. आणि खरें सांगावयाचें तर मीं ती जवळजवळ दिलीच होती. इतक्यांत मागच्या रांगेंतील एक अबोल मुलगा उभा राहून म्हणाला कीं, आंत पिलें ओरडत आहेत. बांबू खालीं आला. पुढील दोन आठवडे तो बाक रिकामा ठेवला, त्यावरील मुलें इतरांत दाटीवाटीनें बसलीं, आणि भूमितीचे सिद्धांत आम्हीं चिवचिवाटांतच सोडविले.

त्या दिवसांत मला एका माणसाचें वारंवार स्मरण होई. त्या माणसानें एक बाक नव्हे, तर आपला वाडा, तळें, बाग व रान हीं सर्व पांखरांस खुलीं करून दिलीं होतीं, आणि तेंही अशा काळीं, कीं जेव्हां पक्षी हा बंदुकीनें मारावयाचा जीव अशीच सर्वत्र समजूत होती. त्याचें नांव चार्लस वॉटर्टन. त्याचें चरित्र मौजेचें आहे व विचार करावयास लावणारेंही आहे. म्हणून तें येथें थोडक्यांत सांगतों.

वॉटर्टनचा जन्म ३ जून १७८२ रोजीं इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत, वेकफील्ड शहराजवळ, वॉल्टन हॉल नांवाच्या वडिलोपार्जित वाड्यांत झाला. हा वाडा एका तळ्यांतील बेटावर बांधलेला असून काठावरून एका लहान पुलानें तेथें जातां येतें. वाड्यासमोर अगदीं पाण्यालगत जुन्या काळच्या दगडी दरवाज्याचें एक पडकें बांधकाम होतें. त्या पडक्या दरवाज्याची पुढें या कथेंत मोठी योग्यता आहे. घराणें सधन व फार जुनें, परंतु रोमन कॅथॉलिक पंथाचें. त्या काळीं इंग्लंडांत कॅथॉलिक माणसास पार्लमेंटांत बसतां येत नसे, कीं मोठा सरकारी अधिकार भोगतां येत नसे. हे निर्बंध १८२९ मध्यें बव्हंशीं उठले, तेव्हां वॉटर्टनचें निम्मेंअधिक आयुष्य सरलें होतें.

लहानपणीं चार्लस पांखरांचा मित्र होता असें जर कोणी समजेल तर तें चुकीचें ठरेल. झाडांवर व छपरांवर चढून घरटीं धुंडाळणें आणि अंडीं काढणें हा त्याचा आवडता उद्योग होता. तो प्रथम ज्या शाळेंत होता तेथें या भटकंतीबद्दल त्याला छड्या खाव्या लागत. पण छड्यांनीं त्याची खोड गेली नाहीं. १७९६ मध्यें त्याला स्टोनीहर्स्ट येथील जेसुइट पंथाच्या विद्यालयांत घातलें. तेथील गुरुजनांनीं मात्र निराळीच युक्ति योजिली. या मुलाच्या अंगीं रानाची ओढ उपजतच आहे, ती मारून टाकण्यांत हंशील नाहीं, हें ओळखून त्यांनीं शाळेंतील उंदीर-घुशींचा बंदोबस्त करण्याचें काम त्याच्याकडे सोंपविलें. ज्या पायांना कुंपण ओलांडल्याबद्दल शिक्षा होई, त्यांनाच आतां हक्कानें हिंडावयास मिळूं लागलें. त्यांपैकीं एका वडीलधाऱ्या गुरूनें त्याला सांगितलें होतें कीं, तुझा स्वभाव तुला दूरदेशीं नेईल, तेव्हां मद्याला कधीं स्पर्श करूं नकोस. ही आज्ञा वॉटर्टननें मरेपर्यंत पाळली. स्टोनीहर्स्ट येथील वर्षें आपल्या आयुष्यांतील अत्यंत सुखाचीं होतीं असें तो वृद्धपणींही सांगे. आम्हां शिक्षकांनीं या प्रसंगापासून बोध घ्यावा. कारण खोडकर मुलगा व थोर निरीक्षक यांमध्यें पुष्कळदां एका समंजस गुरूचेंच अंतर असतें.

१८०४ मध्यें तो दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील डेमेरारा प्रांतीं गेला. तेथें त्याच्या चुलत्याचे मळे होते व त्यांची देखरेख त्यानें कांहीं वर्षें केली. हे मळे आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर चालत, ही गोष्ट लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. गुलामगिरीचें समर्थन कदापि होऊं शकत नाहीं, असें वॉटर्टननें पुढें आपल्या ग्रंथांत लिहिलें. तथापि त्या पद्धतीचा लाभ त्याच्या कुटुंबाला झाला होता, हेंही तितकेंच खरें. थोरांचीं चरित्रें वाचतांना अशा गोष्टींकडे डोळेझांक करूं नये.

पुढें १८१२ पासून १८२४ पर्यंत त्यानें चार मोठे प्रवास केले. पहिल्या तीन प्रवासांत तो गियानाच्या घनदाट अरण्यांत शिरला, व तेथें अनवाणी चालला. तेथील मूळचे रहिवासी बाणांच्या टोकांस जें जालीम विष लावीत त्याचा शोध करून त्यानें तें विष इंग्लंडांत आणलें. १८१४ मध्यें लंडन येथें एका गाढवीस तें टोंचण्यांत आलें. तिचा श्वास बंद पडतांच श्वासनलिकेंत भात्यानें वारा भरून तिला कित्येक तास जगविलें. विषाचा अंमल उतरला व ती उठून उभी राहिली. ही गाढवी पुढें वॉल्टन हॉलच्या कुरणांत सुखानें चरत १८३९ पर्यंत जगली. त्याच विषापासून काढलेलें औषध १९४२ पासून शस्त्रक्रियेच्या वेळीं स्नायु सैल पाडण्यासाठीं वापरण्यांत येऊं लागलें, हें येथें सांगितलें पाहिजे. १८२५ मध्यें या प्रवासांचें वर्णन प्रसिद्ध झालें आणि वॉटर्टनची कीर्ति सर्वत्र पसरली. मगरीच्या पाठीवर स्वार झाल्याची त्यांतील हकीकत वाचून पुष्कळांनीं त्याला थापाड्याही ठरविलें.

मेलेल्या पक्ष्याचें कातडें भरून त्याला जिवंतपणाचा आकार देण्याच्या कलेंत त्याचा हातखंडा होता. ही कला त्यानें डेमेरारा येथील जॉन एडमन्स्टन नांवाच्या एका गुलामास शिकविली. जॉन पुढें स्वतंत्र होऊन एडिंबरो शहरीं राहिला, आणि तेथें त्यानें ती एका सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यास शिकविली. त्या विद्यार्थ्याचें नांव चार्लस डार्विन! विद्या कोणाच्या हातून कोणाच्या हातांत जाईल याचा नेम नाहीं.

असो. आतां आपण मुख्य विषयाकडे वळूं. वॉल्टन हॉल येथें पांखरांना पहिलें घर मिळालें तें १८१३ सालीं, आणि तें मिळालें घुबडाला. त्यापूर्वीं तेथें घुबडाची धडगत नसे. वाड्याची व्यवस्था पाहणारी एक म्हातारी बाई होती. घुबडाचा आवाज ऐकूं आला कीं घरांत आजार, मृत्यु अथवा दुसरें कांहीं अरिष्ट येतें अशी तिची पक्की समजूत होती. त्यामुळें घुबड दिसलें कीं राखणदार तें मारून टाकी. आपल्याकडेही घुबड छपरावर बसलें कीं घरांतील मंडळी चरकतात; तेव्हां यॉर्कशायरची ती म्हातारी आपल्याला परकी वाटूं नये. वॉटर्टन पहिल्या प्रवासाहून परत येतांच त्यानें त्या पडक्या दरवाज्यावर दगड व चुना यांचा सुमारें चार फूट चौरस असा एक कोनाडा बांधविला, त्यांत बसावयासाठीं ओक लांकडाची एक जाड दांडी घट्ट बसविली, व राखणदारास सक्त ताकीद दिली. म्हातारीस त्यानें सांगितलें कीं, या नव्या भाडेकऱ्यांमुळें घरावर जें संकट येईल त्याची सारी जबाबदारी माझी. सुमारें एका महिन्यांतच घुबडांचें एक जोडपें तेथें राहावयास आलें.

संकट कांहीं आलें नाहीं. आलें तें ज्ञान. वॉटर्टन रोज संध्याकाळीं घुबडांवर नजर ठेवी. पिलें असतांना हीं घुबडें दर बारा-पंधरा मिनिटांस एक उंदीर घरट्यांत आणतात, असें त्याला दिसून आलें. घुबड उंदीर गिळतें आणि न पचलेलीं हाडें व केंस यांची गोळी करून तोंडावाटे टाकतें. त्या गोळ्या फोडून पाहतां एकेकीमध्यें चार ते सात उंदरांचे सांगाडे सांपडले. एका जोडप्यानें सुमारें सोळा महिन्यांत अशा गोळ्यांचा बुशेलभराहून, म्हणजे सुमारें ३६ लिटर मापाहून, मोठा ढीग केला होता. ज्याला अपशकुनी म्हणून मारीत, तें पांखरूं शेतकऱ्याचें धान्य रात्रभर जागून राखीत होतें! हेंच पांढऱ्या तोंडाचें घुबड आपल्या देशांतही जुन्या वाड्यांत, देवळांत व गिरजाघरांच्या मनोऱ्यांत राहतें, आणि येथेंही त्याचा धंदा तोच आहे.

घुबडांनंतर दुसऱ्यांची पाळी आली. आपल्या साळुंकीच्या जातीचा, ठिपकेदार पिसांचा, स्टार्लिंग नांवाचा एक पक्षी तिकडे असतो. तो कबुतरांचीं अंडीं पितो असा त्याच्यावर आळ होता. वॉटर्टननें पाहिलें, तों आरोप निराधार ठरला. मग त्यानें त्याच पडक्या भिंतींत सुमारें चोवीस भोंकें पाडून ठेविलीं, व स्टार्लिंग आनंदानें तेथें राहूं लागले. वाळूच्या दरडींत बिळें करून राहणाऱ्या पाकोळ्यांसाठीं त्यानें भोंकांची एक कृत्रिम दरड रचून दिली. मित्रांनीं चेष्टा केली. पण पाकोळ्या आल्या व त्यांनीं तेथें पिलें वाढविलीं. पोकळ झालेलीं झाडें तो तोडूं देत नसे, कारण सुतारपक्षी व घुबडें यांचें तेंच घर. भिंतींवर त्यानें आयव्हीची वेल चढविली, व हिवाळ्यांतही जीं हिरवीं राहतात अशीं यू व हॉली यांचीं झाडें लावून थंडीच्या वाऱ्यापासून पक्ष्यांस आडोसा करून दिला. बगळ्यांनीं तळ्यांतील मासे खाल्ले तरी त्यानें त्यांस हांकललें नाहीं. उलट त्यांची वसाहत आपल्या झाडांवर वाढूं दिली.

येथें एक गोष्ट लक्षांत घ्या. त्यानें पक्ष्यांस पिंजऱ्यांत ठेवून दाणापाणी दिलें नाहीं. त्यानें इतकेंच पाहिलें कीं, प्रत्येक जातीच्या पांखराला घर करण्यास कशी जागा लागते. आणि ती जागा देऊन तो दूर उभा राहिला. पाहुणा आपल्या मर्जीनें येतो व आपल्या मर्जीनें जातो. यजमानानें फक्त दार उघडें ठेवावयाचें असतें.

पण दार उघडें ठेवलें तर चोरही आंत येतात. परिसरांतील शिकारी व चोरून पारध करणारे लोक रात्रीं-अपरात्रीं रानांत शिरत. तेव्हां १८२१ सालीं वॉटर्टननें आपल्या रानाभोंवतीं दगडी भिंत बांधावयास आरंभ केला. ती १८२६ मध्यें पुरी झाली. लांबी सुमारें तीन मैल. उंची कमींत कमी आठ फूट, व कांहीं ठिकाणीं सोळा फुटांपर्यंत. आंत अडीचशेंहून अधिक एकर जमीन. खर्च आला सुमारें नऊ-दहा हजार पौंड, म्हणजे त्या काळीं एक मोठी दौलतच. यासाठीं त्यानें कर्ज काढलें नाहीं. हातीं पैसा येई तसतशी भिंत पुढें सरके. आपण जें मद्य प्यालों नाहीं त्याच्या पैशांतून ही भिंत उभी राहिली, असें तो विनोदानें म्हणे. स्टोनीहर्स्टच्या त्या वृद्ध गुरूचा उपदेश असा दगडाच्या रूपानें उभा राहिला!

या भिंतीच्या आंत बंदूक वाजविण्यास मनाई होती. हिवाळ्यांत उत्तरेकडून हजारों रानबदकें तळ्यावर उतरत, तेव्हां त्यांना त्रास होऊं नये म्हणून पाण्यांत होडीही घालीत नसत. रात्रीं झाडांवर झोंपलेल्या फेझंट पक्ष्यांवर चोरून गोळ्या झाडणारांस फसविण्यासाठीं त्यानें लांकडाचे फेझंट करवून ते झाडांवर बसविले. चोरांचीं काडतुसें लांकडावर वायां जात, आणि खरे पक्षी दाट झाडींत निश्चिंत झोंपत. आधुनिक काळांत केवळ रानपक्ष्यांच्या रक्षणासाठीं राखलेलीं जीं पहिलीं स्थानें, त्यांत या रानाची गणना होते.

हें वैभव त्यानें एकट्यासाठीं ठेविलें नाहीं. वेकफील्डच्या गिरण्यांतील मजूर, शाळेचीं मुलें, सहलीस निघालेलीं कुटुंबें, या सर्वांस तो आंत येऊं देई व त्याबद्दल पैसा घेत नसे. जवळच्या वेड्यांच्या इस्पितळांतील रोग्यांनाही तेथें आणीत, व तेही मोठ्या दुर्बिणींतून पांखरें पाहत. ज्यांना समाजानें आपल्या दाराबाहेर ठेविलें होतें, त्यांच्यासाठीं येथें दार उघडें होतें. ज्याच्या मनांत घुबडासाठीं जागा झाली, त्याच्या मनांत माणसासाठीं जागा न व्हावी हें कसें शक्य आहे?

त्याच्या खासगी आयुष्यावर मात्र लवकरच दुःखाची छाया पडली. १८२९ मध्यें, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षीं, त्यानें डेमेरारा येथील आपल्या एका मित्राच्या मुलीशीं विवाह केला. तिचें नांव ॲन. एक वर्षही पुरतें झालें नाहीं तोंच, एडमंड नांवाच्या मुलास जन्म देऊन ती थोड्याच दिवसांत मृत्यु पावली. त्या दिवसापासून वॉटर्टन पलंगावर निजला नाहीं. नुसती जमीन हें अंथरूण व लांकडाचा ठोकळा ही उशी. पहाटे तीन-साडेतीनला तो उठे, प्रार्थना करी, आणि मग रानांत जाई. ॲनच्या दोघी बहिणींनीं येऊन घर संभाळलें. पुढील पस्तीस वर्षें या एकाकी माणसाच्या घरासमोर दर वसंतांत शेंकडों पिलें जन्माला येत राहिलीं.

१८३९ च्या सुमारास आणखी एक संकट उभें राहिलें. रानाच्या शेजारीं साबणाचा एक कारखाना होता. तो वाढला व त्याच्या धुराड्यांतून विषारी वाफा निघूं लागल्या. झाडें वाळूं लागलीं व ओढ्याचें पाणी नासलें. भिंतीनें बंदूक थांबली. पण धूर कसा थांबणार? तेव्हां वॉटर्टन न्यायासनापुढें गेला. १८४० नंतरचीं कित्येक वर्षें हा तंटा चालला, आणि शेवटीं कारखाना तेथून हलवावा लागला. हवा व पाणी दूषित करण्याचा हक्क कोणाला नाहीं, ही गोष्ट लोकांच्या ध्यानींमनींही नव्हती त्या काळांत हा गृहस्थ त्यासाठीं भांडला, हें विसरतां कामा नये.

त्याच्या अंगीं दोष नव्हते असें नाहीं. तो हट्टी व भांडखोर होता. आपल्या काळच्या नामांकित पक्षिशास्त्रज्ञांशीं त्यानें कडाक्याचे वाद केले. शास्त्रीय लॅटिन नांवें त्याला आवडत नसत, त्यामुळें विद्वानांनीं त्याच्या खऱ्याखुऱ्या निरीक्षणांकडेही दुर्लक्ष केलें. घुशींवर त्याचा विलक्षण राग होता, व त्यांचा त्यानें निःपात केला. कोल्हे व बिज्जू यांनाही भिंतीच्या आंत थारा नव्हता. म्हणजे सर्वच प्राण्यांचा तो यजमान होता असें म्हणतां येणार नाहीं. परंतु ज्यांना त्यानें आश्रय दिला, त्यांना शेवटपर्यंत अंतर दिलें नाहीं.

ऐंशी वर्षांचा झाला तरी तो अनवाणी झाडावर चढे. २५ मे १८६५ रोजीं रानांत लांकडाचा एक ओंडका नेत असतां कांटेरी वेलींत पाय अडकून तो पडला, व दोन दिवसांनीं, २७ मे रोजीं, त्याचें देहावसान झालें. त्याच्या इच्छेप्रमाणें त्याची शवपेटी होडींतून तळ्याच्या दुसऱ्या टोंकास नेण्यांत आली, आणि त्यानेंच निवडून ठेविलेल्या दोन ओक वृक्षांच्या मध्यें त्याला मूठमाती देण्यांत आली. तो दिवस होता ३ जून, म्हणजे त्याचा त्र्याऐंशीवा वाढदिवस.

यापुढची हकीकत सांगावयास जड वाटतें, पण ती सांगितल्यावांचून चरित्र पुरें होणार नाहीं. त्याचा मुलगा एडमंड याला बापाचें हें वेड ठाऊक होतें, पण त्याची गोडी नव्हती. त्यानें झाडें तोडून विकलीं, रानांत शिकारी बोलाविले, आणि १८७७ मध्यें वाडा व जमीन हीं दोन्ही विकून टाकलीं. विकत घेणारें घराणें होतें त्याच साबण-कारखानदाराचें! तीन मैलांची भिंत बाहेरच्या शत्रूस अडवूं शकली. घरांतील उदासीनतेस ती अडवूं शकली नाहीं. आज तो वाडा पथिकाश्रम झाला आहे, भिंतीचे कांहीं भाग उभे आहेत, आणि त्यानें भरून ठेविलेले पशुपक्षी वेकफील्डच्या वस्तुसंग्रहालयांत पाहावयास मिळतात.

मग त्याचें सर्व श्रम वायां गेले काय? तसें नाहीं. त्याच्या मृत्यूनंतर चारच वर्षांनीं, १८६९ मध्यें, ब्रिटिश पार्लमेंटानें समुद्रपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला. ज्या यॉर्कशायरच्या कड्यांवर त्या पक्ष्यांचा संहार चाले, तेथें वॉटर्टन स्वतः कमरेला दोर बांधून घरटीं पाहावयास उतरला होता. कायद्याचें श्रेय त्याला एकट्यालाच देतां येणार नाहीं. पण रानपांखरूं हें रक्षणास पात्र आहे ही कल्पना त्यानें फार आधीं करून दाखविली होती. आपल्या देशांतही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें बहुतेक रानपक्ष्यांस, त्यांच्या अंड्यांस व घरट्यांस संरक्षण मिळालें आहे. तरीपण कायदा हा भिंतीसारखाच आहे. त्याच्या आंत राहणारांचें मन बदललें नाहीं तर तो फार दिवस टिकत नाहीं.

म्हणून शेवटीं पालकमंडळींस एक विनंति करावीशी वाटते. आपलीं कौलारू घरें जाऊन सपाट गच्चीचीं घरें आलीं आहेत. वळचण गेली, कोनाडा गेला, वासे गेले. आणि त्यांबरोबर चिमणीची जागाही गेली. आपणांपैकीं कोणाजवळ अडीचशें एकर रान नाहीं. पण खिडकीच्या वर एक पेटी टांगण्यापुरती भिंत सर्वांजवळ आहे. अंगणांतील पोखरलेलें झाड धोक्याचें नसेल तर तोडूं नका. घुबड घरासमोर बसलें तर मुलांना घाबरवूं नका. उलट तें काय खातें हें त्यांना पाहूं द्या. एडमंडची गोष्ट आपण ऐकलीच आहे. मुलांसाठीं आपण जें राखून ठेवितों त्याची गोडी मुलांना लागली नाहीं, तर राखलेलें सर्व एका पिढींत जातें.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं कोणाच्या खिशांत गलोल असेल तर त्यानें लाजून बसूं नये. चार्लस वॉटर्टनही लहानपणीं अंडींच चोरीत असे. ज्या डोळ्यांना पानांआड दडलेलें घरटें दिसतें ते डोळे मोलाचे आहेत. दिसल्यावर हातानें काय करावयाचें एवढेंच काय तें शिकावयाचें असतें.

आमच्या वर्गांतील तीं पिलें उडून गेलीं. बाक धुऊन पुन्हां जागेवर आला आहे. मात्र मुलांनीं शिपायाकडूनच तुळईखालीं एक लांकडी फळी ठोकून घेतली आहे. पुढच्या वर्षीं काड्या बाकावर पडणार नाहींत, आणि चिमण्यांना जागा शोधावी लागणार नाहीं. फळी ठोकतांना शिडी धरून उभा होता तो तोच मागच्या रांगेंतील अबोल मुलगा.